अनुदान अडकलंय? सुरुवात सातबारापासून करा

हप्ता पडणार अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर चार-पाच जण येऊन बसतात. हातात पासबुक, पिशवीत कागदांची गुंडाळी आणि मागणी एकच: "ताई, माझी केवायसी परत एकदा करून दे, पैसे आले नाहीत." मी सिन्नर तालुक्यात राहते, गेली काही वर्षं गावातल्या लोकांचे अर्ज भरून देते. या मंडळींपैकी बहुतेकांची केवायसी आधीच झालेली असते. ती दहा वेळा केली तरी पैसे येणार नसतात, कारण गाठ दुसरीकडेच बसलेली असते.

अनुदानाचा पैसा खात्यात पडेपर्यंत तुमचं नाव चार ठिकाणी पडताळलं जातं: सातबारा, आधार, शेतकरी ओळख क्रमांक आणि बँक. चारही ठिकाणी माणूस एकच आहे हे यंत्राला पटावं लागतं. काम याच क्रमाने करायचं. आधी पोर्टलवर खटपट केली आणि मग आधारवरचं नाव बदललं, तर मागचं सगळं पुन्हा विस्कटतं. लोक नेमकं हेच करतात आणि वर्षभर हेलपाटे घालतात.

पीकविम्याची वाट वेगळी आहे, ती इथे घेतलेली नाही.

## टप्पा १: अडकलेत ते नेमके कोणते पैसे, ते ठरवा

"अनुदान आलं नाही" एवढं सांगून कोणत्याच टेबलावर काम होत नाही. चार वेगळे पैसे आहेत आणि चौघांची दारं वेगळी आहेत.

पीएम किसान: केंद्राचे वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते.

नमो शेतकरी महासन्मान निधी: राज्याचे वर्षाला आणखी ६००० रुपये. पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. याला वेगळा अर्ज नाही, पीएम किसानच्या यादीवरूनच हे पैसे मिळतात. म्हणजे पीएम किसान बंद पडलं की नमोही बंद. नमोसाठी वेगळ्या खेपा घालू नका, आधी पीएम किसान सुरू करा.

महाडीबीटी (राज्याचं अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल): ठिबक, तुषार, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, शेततळ्याचं अस्तरीकरण वगैरे. इथे पूर्वसंमती मिळाल्यावर आधी वस्तू घ्यायची आणि नंतर अनुदान मिळतं.

नुकसानभरपाई: अतिवृष्टी, गारपीट. ही महसूल खात्याकडून येते, कृषी खात्याकडून नाही.

## टप्पा २: कागद एका सतरंजीवर मांडा

हे काम घरी, निवांत, दिवसाउजेडी करा. लागणारे कागद: चालू सातबारा (जमीन दोन गावांत असेल तर दोन्ही गावांचा), आठ-अ म्हणजे खातेउतारा, आधार कार्ड, सगळ्या बँकांची पासबुकं (बंद पडलेलीसुद्धा), आणि आधारला जोडलेला मोबाइल. सातबारा झेरॉक्सवाल्याकडचा जुना नको. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

आता एका कोऱ्या कागदावर चार ओळी ओढा आणि चारही कागदांवरचं नाव, जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर उतरवा. मागच्या पावसाळ्यात एका काकांसाठी मी हे केलं तेव्हा कागद असा झाला:

सातबारा: दगडू बाबुराव
आठ-अ: दगडू बाबूराव
आधार: दगडूबा बाबुराव
बँक: डी. बी., पुढे आडनाव

काका म्हणाले, "अगं, पण सगळे मीच की." गावाला ते ठाऊक आहे, यंत्राला नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर याहून गोंधळ. ज्ञानेश्वर हे नाव आपण 'डीएन'ने लिहितो, कुठलं तरी यंत्र ते 'जीवाय'ने लिहितं, आणि एकाच घरात ज्ञानेश्वर दोन होतात. बायकांच्या बाबतीत सातबारावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे तर घरोघरी आहे.

तपासा: आधारवरचा जन्मदिनांक, मोबाइल चालू आहे का, आणि त्यावर ओटीपी येतो का. मोबाइल नंबर मुलाचा असेल आणि मुलगा पुण्याला असेल, तर आत्ताच तो बदलून घ्या. पुढे प्रत्येक टप्प्यावर ओटीपी लागणार आहे.

## टप्पा ३: सातबारा साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, म्हणून सुरुवात इथून. उताऱ्यावर चार गोष्टी बघा.

नाव भोगवटादार (जमिनीचा धारक) म्हणून आहे का? पुष्कळ उताऱ्यांवर वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी त्यांचंच नाव असतं. मुलगा कसतो, पण कागदावर जमीन मयताची. असं असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्यांकडे द्यायचं. (तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात मात्र भाऊसाहेबच.) ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज घरबसल्याही करता येतो. फेरफार नोंद (हक्कातल्या बदलाची नोंद) पडते, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. नोंद पडली म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रमाणित झाल्याशिवाय नाव उताऱ्यावर चढत नाही. बहिणींची नावं लपवू नका. पुढे त्यांनी हरकत घेतली की सगळंच थांबतं, आणि हक्क तर त्यांचा आहेच.

'ए.कु.मॅ.' किंवा 'अ.पा.क.' असं काही लिहिलंय का? पहिलं म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर सगळ्या भावांची जमीन लागलेली असते आणि धाकट्यांची नावं उताऱ्यावर नसतात. शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेल्यावर धाकट्याला यंत्र सांगतं, तुमच्या नावावर जमीनच नाही. दुसरं म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील गेले तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलं. आज तो मुलगा चाळिशीचा झाला तरी शेरा तसाच. दोन्ही शेरे कमी करायचा अर्ज ई-हक्कमध्ये आहे.

नावात टंकनाची चूक आहे का? हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना अशा चुका पुष्कळ झाल्या. त्या महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होतात. पुरावा म्हणून जुना हस्तलिखित उतारा किंवा मूळ फेरफाराची नक्कल जोडा. नुसता अर्ज दिला तर तो टेबलावर पडून राहतो, पुराव्यासकट दिला तर हलतो.

पिकाची नोंद आहे का? ई-पीक पाहणी वेळेत केली नाही तर उताऱ्यावर जमीन पडीक दिसते किंवा पिकाचा रकाना कोरा राहतो. २०२३ च्या कांदा अनुदानात क्विंटलला ३५० रुपये होते, २०० क्विंटलपर्यंत. आमच्याकडे वावरात कांदा होता, बाजार समितीची पट्टी होती, पण सातबारावर कांदा नव्हता. त्यामुळे कितीतरी अर्ज लटकले, आणि मग गावपातळीवरच्या समितीचा मार्ग काढावा लागला. दर वेळी असा मार्ग निघेल या भरवशावर राहू नका. दर हंगामात पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या वावरात उभं राहून करा.

सावधान: सातबारावरचं नाव बदलायचं की आधारवरचं? माझं मत असं: उताऱ्यावर टंकनाची चूक असेल तरच उतारा दुरुस्त करा. टोपणनाव, आडनाव, माहेर-सासर असा फरक असेल तर आधार बदलणं सोपं जातं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून घाईने अर्धवट बदल करू नका. शाळेचा दाखला, पॅन, बँक, मुलांची कागदपत्रं यांवर जे नाव जास्त ठिकाणी आहे, ते पक्कं धरा.

## टप्पा ४: आधार

आधार केंद्रावर एकाच फेरीत नाव, मोबाइल आणि पत्ता तिन्ही तपासून घ्या. पावती जपून ठेवा. फॉर्ममध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं ऑपरेटरने टाकल्यावर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि मोठ्याने वाचा. मराठी नाव यंत्र आपोआप उमटवतं, तिथेच 'बाबुराव'चा 'बाबूराव' होतो.

बदल मंजूर होऊन नवं आधार हातात आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका.

कांदा, ऊस, वीटभट्टी यांत राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. केंद्रावर बोट लागलं नाही तर कोमट पाण्याने हात धुवून, पुसून पुन्हा लावा. तरीही नाही लागलं तर डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र आहे का ते विचारा. म्हाताऱ्या माणसाला दमात घेऊन दहा वेळा बोट दाबायला लावणारे ऑपरेटर मी बघितलेत. शांतपणे सांगा की दुसरा मार्ग आहे.

## टप्पा ५: शेतकरी ओळख क्रमांक

यालाच फार्मर आयडी किंवा, ज्या योजनेतून तो मिळतो तिच्या नावाने, अ‍ॅग्रीस्टॅक म्हणतात. हा अकरा अंकी क्रमांक आहे. राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला, आणि पीएम किसानच्या नव्या नोंदणीलाही लागतो.

आधार ओटीपीने आत शिरायचं, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, यादीतून आपलं नाव निवडायचं, शेवटी आधारनेच ई-सही करायची. काम अर्ध्या तासाचं आहे. चुका मात्र दोन ठरलेल्या आहेत.

पहिली: सगळे गट न जोडणं. जमीन शेजारच्या गावात असेल तर गाव बदलून ती वेगळी जोडावी लागते. सेवा केंद्रवाला घाईत एक गट जोडतो आणि 'झालं' म्हणतो. मग गारपीट दुसऱ्या गावातल्या द्राक्षबागेवर होते आणि त्या क्षेत्राचा पत्ताच लागत नाही. आठ-अ समोर ठेवा आणि एकेक गट टिक करत जा.

दुसरी: नाव जुळणीचे गुण कमी आले तरी पुढे दाबत जाणं. आधारचं नाव आणि उताऱ्याचं नाव किती जुळतं हे यंत्र सांगतं. गुण फारच कमी दिसले तर थांबा आणि टप्पा तीनवर परत जा. तसाच पाठवलेला अर्ज मंजुरीत अडकतो.

तपासा: अर्ज केल्यावर आधी मिळतो तो नोंदणी क्रमांक असतो, ओळख क्रमांक नव्हे. मंजूर झाल्यावरच अकरा अंक दिसतात. सामाईक खात्यात तीन भाऊ असतील तर तिघांनी आपापला काढायचा, थोरल्याच्या क्रमांकावर धाकट्याचं काम भागत नाही.

## टप्पा ६: बँक, जिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत

पीएम किसानच्या अर्जात किंवा महाडीबीटीवर तुम्ही जो खाते क्रमांक लिहिला, त्या खात्यात पैसे जातील असं गृहीत धरू नका. पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात. त्या क्षणी तुमचा आधार राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेला जोडलेला असेल, त्या बँकेत ते पडतात. एका आधारला तिथे एकच बँक असते आणि शेवटी जोडलेली बँक आधीच्या बँकेला बाजूला सारते.

माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दीड वर्ष सांगत होते की हप्ता बंद झाला. केवायसी झालेली, जमीन जुळलेली, पोर्टलवर पैसे दिल्याचं दिसत होतं. नानांचं पासबुक मात्र कोरं. एके दिवशी मी पोर्टलवर बँकेचं नाव नीट वाचलं, तर ती बँक नानांनी कधी बघितलीच नव्हती. मग हळूहळू आठवलं: बाजाराच्या दिवशी एका दुकानात नवं सिम घेताना अंगठा दोनदा लावला होता. त्या दुसऱ्या अंगठ्याने पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे वळला होता. सगळे हप्ते तिथे सुखरूप होते. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मधल्या काळात खतासाठी त्यांनी उसने पैसे घेतले होते.

म्हणून असं करा:

१. मायआधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने आत जा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही हे दिसतं.

२. बँक भलतीच दिसली तर तुमच्या नेहमीच्या बँकेत जा. "आधार लिंक करा" असं म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" असं म्हणा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं ही केवायसी झाली. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी (डीबीटी) महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ही बँक लावणं, त्यासाठी वेगळा संमती फॉर्म भरावा लागतो. काउंटरवर "लिंक आहेच" असं सांगून परत पाठवतात ते याच घोळामुळे.

३. फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहायचा रकाना असतो, तो भरा. भरलेल्या फॉर्मची पोच घ्या.

४. चार-पाच दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. बदल दिसला तरच पुढे जा.

सावधान: पतसंस्थेचं खातं चालत नाही. केवायसी थकल्यामुळे गोठवलेल्या खात्यात पैसे अडतात, म्हणून बँकेने केवायसीला बोलावलं की टाळू नका. कमी कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते. दोन-दोन हजारांना ते पुरतं, पण ट्रॅक्टरचं अनुदान आलं की अडकतं. महाडीबीटीचा अर्ज करण्याआधी खातं पूर्ण केवायसीचं करून घ्या.

## टप्पा ७: पीएम किसान आणि नमो

आता पोर्टल उघडा. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर आधारवरून तो तिथेच सापडतो. 'नो युवर स्टेटस'मध्ये तीन ओळी असतात आणि अडचण कुठे आहे हे त्यांतच दिसतं.

*लँड सीडिंग 'नो':* जमिनीची माहिती जुळलेली नाही. सातबारा, आठ-अ, आधार आणि शेतकरी ओळख क्रमांक घेऊन तालुक्याला जा, पीएम किसानचा टेबल विचारा. सेवा केंद्रात हे होत नाही, तिथे पैसे घालवू नका.

*ई-केवायसी 'नो':* आता मात्र केवायसी करा. मोबाइलवर ओटीपीने, सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने, किंवा पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून. ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी चेहऱ्याची पद्धत फार सोयीची आहे. उजेड तोंडावर येईल असं ओट्यावर बसवा आणि डोळे मिचकवायला सांगा.

*आधार बँक सीडिंग 'नो':* टप्पा सहावर परत.

तिन्ही 'येस' असून हप्ता नाही, तर पात्रतेचा प्रश्न असतो. नियम असे: जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर हवी. त्यानंतर फक्त वारसाने आलेली चालते, खरेदीची किंवा बक्षीसपत्राची चालत नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि एकालाच लाभ मिळतो. मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेला, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरीतला वा निवृत्त, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेला माणूस बसत नाही. नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंता, सीएसुद्धा नाही.

पात्र नसताना हप्ते आले असतील तर स्वतःहून परत करा, पोर्टलवर परताव्याची सोय आहे. वसुलीची नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

सावधान: व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाइल येते. ती मोबाइलवर चढवली की खातं रिकामं होतं. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते वाचा. शंका आली तर १५५२६१ या हेल्पलाइनवर विचारा.

## टप्पा ८: महाडीबीटी, इथे क्रम चुकला की पैसे गेलेच

पीएम किसानमध्ये चूक झाली तर हप्ता उशिरा येतो. महाडीबीटीत क्रम चुकला तर अनुदान कायमचं जातं, म्हणून इथे जास्त जपून.

क्रम असा: अर्ज, निवड, कागदपत्रं अपलोड, छाननी, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी), अनुदान. पूर्वी लॉटरी निघायची, २०२५ पासून प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे. तेव्हा आधीचे टप्पे पूर्ण करून बसा, म्हणजे अर्ज करायला एक दिवसही थांबायला नको.

पूर्वसंमतीच्या आधी काहीही विकत घेऊ नका. निवड झाल्याचा मेसेज म्हणजे पूर्वसंमती नव्हे. हे पुन्हा सांगते, कारण दर हंगामात कोणी ना कोणी यात सापडतं. आमच्या शेजारच्या वस्तीवर निवडीचा मेसेज आला त्याच संध्याकाळी रोटाव्हेटर दारात आला. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, बाकी बघून घेऊ." बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची, अर्ज बाद.

ठिबकचं गणित: अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि राज्याचं पूरक २५ टक्के, मिळून ८०. इतरांना ४५ आणि ३०, मिळून ७५. मर्यादा पाच हेक्टर. पण हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चाचे आहेत, दुकानदाराच्या कोटेशनचे नाहीत. जास्त रकमेचं कोटेशन आणलं तर वरचा सगळा भार तुमच्यावर.

ट्रॅक्टरला अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक यांना ५० टक्के किंवा सव्वा लाख, यात कमी असेल ते. इतरांना ४० टक्के किंवा एक लाख. तेव्हा "अर्धा ट्रॅक्टर सरकारचा" असं धरून कर्ज काढू नका.

खरेदीच्या वेळी:

- पैसे रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन द्या. मुलाच्या किंवा मेव्हण्याच्या खात्यातून दिलेले पैसे छाननीत अडतात.
- बिल जीएसटीचं हवं, अर्जदाराच्या नावाचं, आणि नाव आधारवर आहे तसंच. यंत्राचा अनुक्रमांक, ट्रॅक्टरचा इंजिन आणि चेसिस क्रमांक बिलावर असलाच पाहिजे.
- यंत्राचा तपासणी अहवाल दुकानदाराकडून आधीच मागा. ज्या मॉडेलचं कोटेशन जोडलं तेच घ्या.
- दुकानदार "अनुदान आलं की भरून घेतो" म्हणत कोरा चेक मागतो. देऊ नका. रक्कम आणि तारीख लिहिल्याशिवाय चेकवर सही करायची नाही.

सामाईक खात्यात ठिबक बसवायचं असेल तर भावांचं संमतीपत्र लागतं. ते अर्जाच्या आधीच घ्या. बांधावरून बोलणं बंद असेल तर त्यालाच महिना जातो. विहीर किंवा बोअरची नोंद सातबारावर नसेल तर तीही भाऊसाहेबांकडून आधी करून घ्या.

पूर्वसंमतीत मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. मुदत संपायच्या दिवशी रात्री बिल अपलोड करायला बसू नका, त्या वेळी पोर्टल हमखास अडकतं.

मोका तपासणीला सहायक कृषी अधिकारी येतात, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक. अर्जात दिलेल्या गटातच संच बसवलेला असावा, तुम्ही स्वतः हजर असावं आणि ठिबक चालू करून दाखवता यावं. थ्री फेज कधी असते ते बघूनच वेळ ठरवा. त्या गटात नेऊन फोटो काढतात, त्यात ठिकाणाची नोंद असते. यंत्र पाहुण्यांच्या गावी नेलेलं असेल तर तपासणी होत नाही.

## टप्पा ९: नुकसानभरपाई

पंचनामा होतो तेव्हा वावरात हजर राहा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते. पंचनाम्यावर गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र काय लिहिलं ते वाचल्याशिवाय सही करू नका. मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा, पाणी ओसरायच्या आत.

याद्या लागल्या की तुमच्या नावासमोर विशिष्ट क्रमांक येतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. ई-केवायसी करायला सांगितलं असेल तर तो घेऊन सेवा केंद्रात जायचं. बोट लावण्याआधी स्क्रीनवरचं क्षेत्र आणि रक्कम वाचा. चुकीची असेल तर मान्य करू नका, तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे. एकदा मान्य केलं की पुढे भांडायला जागा उरत नाही.

यादीत नाव नाही आणि शेजाऱ्याचं आहे, तर आधी ओळख क्रमांकात तो गट जोडला आहे का ते बघा, मग तलाठ्यांकडे लेखी अर्ज द्या.

मदतीची रक्कम बँकेने पीककर्जात वळती केली तर शाखेकडे लेखी तक्रार द्या आणि प्रत तहसील कार्यालयात द्या. अशी वसुली करू नये असं शासन मदतीच्या आदेशांत लिहितं, त्या आदेशाची प्रत सोबत जोडा.

## टप्पा १०: तरीही हलत नसेल तर

तोंडी विचारणं थांबवा. एका पानाचा अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. अर्जात रडगाणं नको. नाव, शेतकरी ओळख क्रमांक, नोंदणी क्रमांक, कोणता हप्ता, पोर्टलवर काय दिसतं, सोबत कोणते कागद जोडले, एवढंच. पोर्टलच्या स्क्रीनचा तारखेसह छापील कागद जोडा.

महिन्यात उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दोनच प्रश्न विचारा: माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि तो सध्या कोणाकडे प्रलंबित आहे. "माझे पैसे का दिले नाहीत" असं विचारलं की ती माहितीत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो.

या सगळ्या पोचपावत्या प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवा, आणि पिशवीवर आतल्या बाजूने तो टप्पा दोनमधला चार नावांचा कागद लावा. पुढच्या वेळी तालुक्याला जाताना तीच पिशवी उचलायची.